धरणाचे पाणी, दारचे पाणी



शहराच्या पाण्यावर बोलायला बसले की चर्चा बघता बघता दोन तट पाडून मोकळी होते. एका तटाला आणखी एक धरण, आणखी एक जलवाहिनी आणि आणखी एक शुद्धीकरण केंद्र हवे असते. दुसऱ्या तटाचे म्हणणे असते की धरणे पुरे झाली, आता छपरावरचा पाऊस, विहीर, बोअर आणि सांडपाण्याचा फेरवापर यांवरच शहर चालले पाहिजे. दोन्हीकडे तळमळीची माणसे आहेत आणि दोघांच्या बोलण्यात तथ्यही आहे. पण हा वाद चालू असताना शहराने आपल्यापुरता निकाल केव्हाच लावून टाकला आहे. आपण आज दोन्ही पाणी वापरतो. धरणाचेही वापरतो आणि दारचेही वापरतो. फरक एवढाच की धरणाच्या पाण्याला खाते आहे, अभियंते आहेत, अंदाजपत्रक आहे, प्रयोगशाळा आहे. दारच्या पाण्याला यातले काहीच नाही. ते बेवारस आहे. या बेवारस पाण्याला पालक कसा मिळवून द्यायचा, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि तो मी पुण्यापुरता मांडणार आहे, कारण या दोन पाण्यांचा पावणेतीनशे वर्षांचा इतिहास या शहरात जमिनीखाली अजून शाबूत आहे.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या आगेमागे, कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत पाण्याचा नळ बांधला गेला. आपण आजही त्याला नळ म्हणतो, पण तो चुन्यात बांधलेला, जमिनीखालून चाललेला बोगदा आहे, आत माणूस उतरून गाळ काढू शकेल एवढा. पंप नाही, वीज नाही. कात्रजची उंची आणि शहराचा उतार यांवर सगळा कारभार. वाटेत जागोजाग उच्छ्वास ठेवलेले. त्यांतून आतली हवा बाहेर पडे, गाळ खाली बसे आणि गरज पडली तर पोहराही सोडता येई. पेठांमध्ये हे पाणी हौदांत उतरे. काळा हौद, बदामी हौद, साततोटी हौद ही नावे आज रस्त्याच्या पाटीवर किंवा बसच्या थांब्यावर उरली आहेत, पण ती शहराच्या पाणीपुरवठ्याची केंद्रे होती. पुढे नाना फडणवीसांनी वेगळा नळ आणला, सरदार रास्त्यांनी कोंढव्याकडून आणखी एक.

या नळाचे कौतुक आपण पुष्कळ करतो. मला त्याच्या शेजारी असलेली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. पेठेतल्या वाड्यांमध्ये आड होता. हौदाचे पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, आडाचे पाणी धुणीभांडी, आंघोळ, सडासंमार्जन आणि जनावरांना, अशी वाटणी घरोघरी ठरलेली होती. ती कोणी कायदा करून ठरवली नव्हती. आडाचे पाणी मचूळ लागते, त्यात डाळ शिजत नाही, हे घरातल्या बाईला माहीत होते आणि हौदावरून कळशी आणायला किती कष्ट पडतात तेही तिलाच माहीत होते. लांबून आलेले पाणी मोलाचे, म्हणून ते मोलाच्या कामाला. आज आपल्याकडे पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, मोजणारे यंत्र हातात मावेल एवढे झाले आहे, आणि खडकवासल्याहून आणून, गाळून, निर्जंतुक करून, पर्वतीच्या टाकीतून सोडलेले पाणी आपण शौचकूपात ओततो.

मात्र त्या व्यवस्थेची आरती ओवाळून चालणार नाही. हौद सगळ्यांचे नव्हते. ज्यांना अस्पृश्य ठरवले होते त्यांना हौदाला हात लावता येत नव्हता, आणि वाड्यातला आड तर वाड्याच्या मालकाचाच. म्हणून 1868 साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही पुण्याच्या पाण्याच्या इतिहासातली मला सर्वांत मोठी घटना वाटते. कात्रजच्या नळाहून मोठी. जोतीरावांनी नवे पाणी आणले नाही, होते त्या पाण्याची मालकी बदलली. दारचे पाणी ज्याच्या दारात आहे त्याचेच राहते, जोवर कोणीतरी ते सार्वजनिक करत नाही तोवर. विकेंद्रित पाणीपुरवठ्याची बाजू घेणाऱ्यांनी हे कायम लक्षात ठेवले पाहिजे. आज ज्याच्याकडे प्लॉट आहे त्याच्याकडे बोअर आहे. टेकडीच्या उतारावरच्या वस्तीत, जिथे एका खोलीत चार माणसे राहतात, तिथे बोअर घ्यायला जागाही नाही आणि पैसेही नाहीत. सगळे दारच्या पाण्यावर सोपवले तर तिथे काय पोचेल? तिथे महापालिकेचा नळच पोचला पाहिजे. केंद्रित व्यवस्थेचा सर्वांत बळकट आधार इथे आहे: ती पाण्याला मालकीपासून सोडवते.

इंग्रजी अमदानीत ही सोडवणूक लोखंडी नळांनी झाली. कर्नल फाइफ यांच्या योजनेतून मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण 1879 च्या सुमारास पुरे झाले. शेतीला कालवा आणि लष्कराला व शहराला पाणी, असा त्याचा दुहेरी हेतू होता. 1903 मध्ये विश्वेश्वरय्यांनी त्याच धरणावर स्वयंचलित दरवाजे बसवून भिंत न वाढवता साठा वाढवला. नळ घराघरांत गेले तशी हौदांवरची गर्दी ओसरली. आड बुजले, काहींवर फरश्या आल्या, काहींत कचरा गेला. विहिरीचे पाणी पिऊन पटकी होते, हा अनुभव ताजा होता, त्यामुळे ते सोडून देण्यात लोकांचे काही चुकले असे म्हणता येत नाही. पटकी आणि विषमज्वर शहरांतून हटवण्याचे मोठे श्रेय गाळलेल्या, क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्याला आहे. ज्यांना ‘निसर्गाचे पाणी’ या कल्पनेचे फार आकर्षण वाटते त्यांनी त्या काळातले मृत्यूचे तक्ते वाचावेत.

मग 12 जुलै 1961 उजाडला. बांधकाम चालू असलेले पानशेतचे मातीचे धरण सकाळी फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि नदीकाठचे पुणे बुडाले. त्या दिवसाच्या प्राणहानीविषयी आणि वाहून गेलेल्या घरांविषयी खूप लिहिले गेले आहे. पाणीपुरवठ्याच्या दृष्टीने मात्र एकच गोष्ट घडली होती: शहराचा एकमेव स्रोत एका दिवसात नाहीसा झाला. पूर ओसरला तेव्हा चिखलाने भरलेल्या शहरात प्यायला पाणी नव्हते. जुने पुणेकर सांगतात की पेठांतल्या विहिरी उपसल्या गेल्या, हौदांवर पुन्हा रांगा लागल्या. ज्यांना आपण निकामी म्हणून सोडून दिले होते तेच स्रोत त्या दिवसांत हाताशी आले. या अनुभवातून काय शिकायला हवे होते? शहरातल्या निवडक विहिरी महापालिकेने आपल्या ताब्यात ठेवाव्यात, दरवर्षी उपसाव्यात, तपासाव्यात आणि संकटासाठी तयार ठेवाव्यात, एवढे तरी. तसे झाले नाही. धरण पुन्हा बांधले गेले, पानशेतही पुरे झाले, पुढे वरसगाव आणि टेमघर आले, आणि विहिरी पुन्हा विसरल्या गेल्या.

आज या चार धरणांचा मिळून साठा 29 टीएमसीच्या घरात आहे. वरसगाव 12.82, पानशेत 10.65, टेमघर 3.71 आणि ज्याचे नाव आपण सर्वांत जास्त घेतो ते खडकवासला फक्त 1.97. शहराच्या पूर्व भागाला 2021 पासून भामा आसखेड धरणाचेही पाणी येते. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. हे सगळे पाणी पुण्याचे नाही. खडकवासल्याहून निघणारा कालवा हडपसरवरून पुढे दौंड-इंदापूरकडे जातो आणि तिथला शेतकरी आवर्तनाची वाट बघत असतो. महापालिका किती पाणी उचलते आणि तिने किती उचलायला हवे, यावरून पाटबंधारे खाते आणि महापालिका यांच्यात वर्षानुवर्षे वाद आहे. आपण सोसायटीच्या सभेत ‘आम्हाला पाणी कमी येते’ म्हणतो, तेव्हा त्या कालव्याच्या शेपटाला उभा असलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर नसतो. तो असला पाहिजे.

आता मी तुम्हाला एका नव्या उपनगरातल्या सोसायटीच्या तळघरात नेतो. कोणतीही घ्या, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच दिसते. पार्किंगच्या कोपऱ्यात लोखंडी झाकण आहे, त्याखाली जमिनीतली टाकी. झाकण उचलले की तीन तोंडे दिसतात. एक महापालिकेच्या लाइनचे. त्यातून ठरलेल्या वेळी तास-दीड तास पाणी येते. दुसरे बोअरचे, ते वॉचमन सकाळी आणि रात्री मोटर लावून सोडतो. तिसरे टँकरच्या पाइपसाठी. त्याला एप्रिल-मेमध्ये जास्त काम. तिन्ही पाणी याच एका टाकीत पडते, मिसळते आणि पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते. तिथून स्वयंपाकघराच्या नळाला, गीझरला, शौचकूपाला आणि गाड्या धुण्याच्या पाइपला एकच पाणी. भिंतीला टांगलेली वही बघा. तिच्यात टँकरची तारीख, गाडीचा नंबर, ड्रायव्हरची सही आणि रक्कम असते. पाणी कुठून भरले याचा रकाना नसतो.

केंद्रित आणि विकेंद्रित पाणीपुरवठ्याचा संगम म्हणाल तर तो इथे, या झाकणाखाली, रोज होतो. कोणाच्याही देखरेखीविना होतो. त्याचे परिणाम मोजता येतात. शुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्यात जो क्लोरीन असतो तो वाटेतल्या जंतूंचा बंदोबस्त करण्यासाठी असतो. घरच्या तोटीशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असे भारतीय मानक आहे. त्या पाण्यात न तपासलेले बोअरचे आणि टँकरचे पाणी ओतले की हा शिल्लक क्लोरीन त्या पाण्यातली घाण मारण्यातच खर्ची पडतो. म्हणजे सार्वजनिक पैशाने शुद्ध केलेले पाणी आपण आपल्या हाताने पुन्हा अशुद्ध करतो. मग प्रत्येक घरात शुद्धीकरणाचे यंत्र बसते, ते यंत्र गाळलेल्या पाण्याबरोबर कितीतरी पाणी मोरीत सोडून देते, आणि शहराची मागणी आणखी वाढते. बोअरचे जड पाणी गीझरच्या कॉइलवर पांढरी खपली धरते, ते निराळेच. या सगळ्यावर उपाय अवघड नाही. त्या टाकीत एक आडभिंत घालायची आणि गच्चीपासून खाली दुसरा पाइप सोडायचा. नव्या इमारतीत हा खर्च बांधकामाच्या मानाने किरकोळ असतो. जुन्या इमारतीत डक्टमध्ये पाइप बसवणे त्रासाचे असते, पण प्लंबरला अशक्य नसते.

ही गोष्ट नुसती सोयीची किंवा काटकसरीची नाही, हे आपल्याला जानेवारी 2025 मध्ये कळले. सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी या भागात गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. हातापायांतली ताकद जाते, काही रुग्णांना श्वासही घेता येत नाही, महिनोन्महिने घरचे माणूस अंथरुणाला खिळते. फेब्रुवारीपर्यंत शहर आणि परिसरातल्या संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, मृत्यूही झाले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला, जो दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातो, आणि सगळ्यांचे लक्ष त्या भागाच्या पाण्याकडे गेले. ही बहुतेक गावे 2017 आणि 2021 मध्ये टप्प्याटप्प्याने महापालिकेत आली. 2021 च्या समावेशानंतर पुणे महापालिका क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठी झाली. हद्द एका अधिसूचनेने वाढते. जलवाहिनी तशी वाढत नाही. धरणाच्या पायथ्याला राहणाऱ्या या लोकांना शुद्धीकरण केंद्रातून गाळून आलेले पाणी मिळत नव्हते. विहिरीचे पाणी, नुसते निर्जंतुक करून, आणि त्याला जोड खासगी बोअरची आणि टँकरची.

या प्रसंगाचा अर्थ दोन्ही तटांनी आपापल्या सोयीने लावला. काही म्हणाले, बघा, विहिरींवर अवलंबून राहिले की असे होते. काही म्हणाले, बघा, महापालिकेवर विसंबले की असे होते. माझ्या मते दोष विहिरीचा नव्हता. विहीर गावाला पिढ्यान् पिढ्या पाणी देत होती. पण तिच्या भोवती मजले चढले, मैलापाण्याच्या टाक्या आल्या, सांडपाण्याच्या वाहिन्या अपुऱ्या राहिल्या, आणि त्या बदललेल्या परिस्थितीत तिचे पाणी आता गाळावे लागेल, दर आठवड्याला तपासावे लागेल, हे ठरवण्याची जबाबदारी एका नेमक्या टेबलावर नव्हती. स्थानिक स्रोत चालेल. त्यावरची देखरेख मात्र स्थानिक मर्जीवर सोडून चालणार नाही. तिथे प्रयोगशाळा हवी, वेळापत्रक हवे आणि पाणी बंद करण्याचा अधिकार असलेला अधिकारी हवा.

आता जमिनीखाली काय आहे ते बघू, कारण दारच्या पाण्याविषयीच्या पुष्कळ घोषणा खडकाला विचारून केलेल्या नसतात. पुणे दख्खनच्या काळ्या खडकावर वसले आहे. लाव्ह्याचे थरावर थर. त्यात काही थर घट्ट काळा पाषाण, ज्यातून पाणी फक्त भेगांतून चालते, काही मांजऱ्या, म्हणजे छिद्रे-पोकळ्या असलेले, वर मुरूम. वालुकामय मैदानात असतो तसा पाण्याचा अथांग साठा इथे नाही. जो आहे तो उथळ आहे, तुटक आहे. एका प्लॉटला पाणी लागते, पलीकडच्या प्लॉटला कोरडी धूळ उडते. भूजलतज्ज्ञ हिमांशु कुलकर्णी आणि पुण्यातली अॅक्वाडॅम ही संस्था यांनी या शहराच्या भूजलाचा अभ्यास करून हे पुन्हा पुन्हा सांगितले आहे की बोअर मोजून भागत नाही, जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारे खडकाचे थर, ओळखावे लागतात, कारण एका जलधरावर शंभर सोसायट्या बसलेल्या असतात आणि प्रत्येकीला वाटते की बोअर आपले आहे.

या उथळ साठ्याचा एक स्वभाव आहे आणि माझ्या आजच्या बोलण्याचा सगळा भार त्यावर आहे. तो पावसात भरतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तुडुंब असतो आणि मग ओढ्यानाल्यांकडे, नदीकडे झिरपून जाऊ लागतो. तुम्ही उपसा करा वा करू नका, त्यातला मोठा भाग फेब्रुवारी-मार्चपर्यंत निघून जातो. आपण काय करतो? पावसाळ्यात आणि हिवाळ्यात महापालिकेचे पाणी मुबलक असते म्हणून बोअर बंद ठेवतो. एप्रिलमध्ये कपात सुरू झाली की बोअरची मोटर लावतो, आणि तेव्हा बोअर आचके देत असते. मग आणखी खोल जातो, मग टँकर. करायला हवे ते याच्या उलट. जुलै ते जानेवारी, दारचे पाणी भरपूर असते तेव्हा, धुण्याला, बागेला, शौचकूपाला, बांधकामाला ते वापरून घ्यावे आणि तेवढे धरणाचे पाणी धरणातच राहू द्यावे. पानशेत-वरसगावात अडवलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत राहते. बाष्पीभवन होते, पण ते मुरमातल्या पाण्यासारखे झिरपून निघून जात नाही. दोन साठ्यांचे दोन स्वभाव ओळखून त्यांच्या पाळ्या लावणे, याला मी केंद्रित आणि विकेंद्रित व्यवस्थेची सांगड म्हणतो. दोन्ही स्रोत एकाच वेळी ओरबाडण्याला सांगड म्हणत नाहीत.

हे एका सोसायटीला एकटीने करता येत नाही. आपण हिवाळ्यात नळाचे पाणी वाचवले तर एप्रिलमध्ये आपल्याला जास्त मिळेल, याची हमी कोण देणार? ती हमी महापालिकाच देऊ शकते: मीटर लावून, दर ऋतूप्रमाणे ठेवून आणि वाचवलेल्या पाण्याचा हिशेब त्या त्या विभागाच्या नावावर जमा धरून. पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेखाली शहराचे 141 विभाग पाडून मीटर आणि नव्या टाक्या उभारण्याचे काम चालले आहे. या योजनेविषयी नागरिकांत मीटरची भीती आहे, आणि झोपडपट्टीला परवडेल असा दर न ठेवता मीटर आले तर ती भीती खरी ठरेल. पण विभागवार मोजणी झाल्याशिवाय कोणत्या विभागात धरणाचे पाणी किती लागते आणि दारचे किती चालेल, हे कळायला दुसरा मार्ग नाही. माझी सूचना एवढीच आहे की त्या 141 विभागांच्या नकाशावर नळांबरोबर विहिरी आणि बोअरही काढा. महाराष्ट्र भूजल अधिनियम 2009 चा आहे, 2014 पासून लागू आहे आणि विहिरींच्या नोंदणीची तरतूद त्यात आहे. कायदा नवा करायला नको.

गळतीविषयी एक मुद्दा सांगतो, जो सहसा बोलला जात नाही. महापालिकेने पुरवलेल्या पाण्यापैकी 35 ते 40 टक्के पाणी हिशेबाबाहेर जाते, असे महापालिकाच सांगत आली आहे. त्यातले काही चोरीचे, काही न मोजलेले, पण बरेचसे फुटक्या सांध्यांतून जमिनीत जाते. तिथून ते कुठे जाते? त्याच मुरमात. पेठांत आणि जुन्या उपनगरांत मे महिन्यातही बोअरला पाणी असते, त्यात खडकवासल्याच्या या गळतीचा वाटा आहे, आणि मैलापाण्याच्या फुटक्या वाहिन्यांचाही. म्हणून शहरी बोअरच्या पाण्यात नायट्रेट सापडते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. उद्या नवे नळ आले, गळती थांबली, की यातल्या कित्येक बोअरची पातळी उतरेल. ज्यांना आपले बोअर स्वयंभू वाटते त्यांना तेव्हा कळेल की तेही धरणाचीच शाखा होते. दोन व्यवस्था जमिनीखाली आधीच जोडलेल्या आहेत; आपल्या कागदांवर त्या वेगळ्या आहेत. गळती थांबवण्याबरोबरच पावसाचे पाणी मुरवण्याचे काम चालले नाही, तर जुन्या शहरातली एक समस्या सोडवताना दुसरी उभी राहील.

पावसाच्या पाण्याविषयी थोडे हिशेबाने बोलू. पुण्यात सरासरी 700 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. 500 चौरस मीटरची गच्ची धरली आणि 80 टक्के पाणी हाती लागले असे मानले तर वर्षाला सुमारे 2 लाख 80 हजार लिटर पाणी मिळते. ऐकायला मोठे वाटते. त्या इमारतीत 24 घरे असतील, घरात चार माणसे असतील आणि माणशी 135 लिटर हा आपला नेहमीचा निकष लावला, तर हे पाणी 22 दिवसही पुरत नाही. ‘छपरावरच्या पाण्याने सोसायटी स्वावलंबी’ असे फलक लावणाऱ्यांनी हा भागाकार करून बघावा. बहुमजली इमारतीत गच्ची एक आणि माणसे अनेक. 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडावर पर्जन्यजल संकलन सक्तीचे आहे, ते योग्यच आहे, पण त्याचे काम जमीन भिजती ठेवण्याचे आहे. तेही कसे होते बघा: पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत पाइप जोडलेला, पुढे त्याची जाळी कधी साफ होत नाही, आणि गच्चीवरची धूळ-पारव्यांची घाण न गाळता थेट बोअरमध्ये. त्यापेक्षा मुरमात खोदलेला साधा शोषखड्डा बरा.

खरी बचत दुसरीकडे आहे. त्या 135 लिटरपैकी सुमारे 45 लिटर शौचकूपासाठी धरलेले असतात. तिसरा हिस्सा. एवढे पाणी आंघोळीच्या आणि कपड्यांच्या सांडपाण्यातूनच निघते, रोज निघते, दुष्काळातही निघते. मोठ्या गृहसंकुलांत ते प्रक्रिया करून परत वापरण्याची यंत्रणा बांधलेली असते. ती चालू असते का? बऱ्याच ठिकाणी बिल्डरने संकुल हस्तांतरित केल्यावर वीजबिल बघून बंद केली जाते, वास येतो म्हणून बंद केली जाते, चालवणारा माणूस मिळत नाही म्हणून बंद पडते. समजा शहरातल्या 10 लाख लोकांच्या घरी ही यंत्रणा नीट चालली. रोजचे साडेचार कोटी लिटर, वर्षाचे अर्ध्या टीएमसीहून जास्त. खडकवासल्याच्या एकट्या साठ्याच्या चौथाईहून अधिक, आणि त्यासाठी एकही गाव उठवावे लागत नाही. पण हे यंत्र सोसायटीच्या सेक्रेटरीने नोकरी सांभाळून, रविवारी वेळ काढून चालवावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. लिफ्टची तपासणी सरकारी निरीक्षक करतो ना? तशीच या यंत्रणांचीही व्हावी. दहा-बारा संकुलांमागे प्रशिक्षित चालक महापालिकेने नेमावेत, खर्च संकुलांकडून घ्यावा. यंत्र विकेंद्रित, कौशल्य केंद्रित.

याला आपल्याच राज्यात मोठ्या प्रमाणावरचा दाखला आहे. नागपूरच्या भांडेवाडीत प्रक्रिया झालेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते आणि तेवढे ताजे पाणी वाचते. चेन्नईने तर दोन्ही बाजू अनुभवल्या. 2003 मध्ये तिथे प्रत्येक इमारतीला पर्जन्यजल संकलन सक्तीचे झाले आणि त्याचा उपयोगही दिसला. तरी 2019 च्या उन्हाळ्यात पाऊसच रुसल्यावर तलाव आणि विहिरी बरोबरीने आटल्या, जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि मिंजूर व नेम्मेली इथले समुद्राचे पाणी गोडे करणारे मोठे प्रकल्प मात्र चालू राहिले. पाऊस हा एकच स्रोत दोन भांड्यांत साठवला तर दुष्काळात दोन्ही रिकामी होतात. आपल्याला समुद्र नाही. पावसावर अवलंबून नसलेला पुण्याचा स्रोत एकच, तो म्हणजे आपले सांडपाणी.

टँकरविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. टँकर हा शत्रू नाही. नळ न पोचलेल्या ठिकाणी तोच नळ आहे. पण आज तो पाण्याच्या व्यवस्थेत असूनही व्यवस्थेच्या नोंदीत पुरता आलेला नाही. प्रत्येक भरणा विहिरीची नोंद, दर आठवड्याची तपासणी आणि ग्राहकाला दिलेल्या पावतीवर त्या विहिरीचा क्रमांक, एवढ्या तीन गोष्टी झाल्या तरी मघाच्या वहीतला रिकामा रकाना भरेल. ज्या कुटुंबाला वर्षभर टँकर विकत घ्यावा लागतो ते पाणीपट्टीही भरते आणि टँकरचेही पैसे मोजते, याची लाज शहर म्हणून आपल्याला वाटली पाहिजे.

श्रोतेहो, महापालिकेने काय करावे हे मी बरेच बोललो. तुमच्याकडे माझे मागणे लहान आहे. येत्या आठवड्यात आपल्या सोसायटीच्या टाकीचे झाकण उघडायला सांगा. आत किती तोंडे आहेत आणि आडभिंत आहे का, ते स्वतः बघा. बोअरचे पाणी अखेरचे कधी तपासले याचा कागद मागा; नसेल तर या महिन्यातच नमुना प्रयोगशाळेत द्या, आणि पुन्हा पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यानंतर द्या. सर्वसाधारण सभेत सांडपाणी यंत्रणेचा विषय पहिल्या क्रमांकावर घ्या. आणि ज्या विहिरीवर आता फरशी आहे किंवा ज्या विहिरीत निर्माल्य पडते, अशी एखादी सार्वजनिक विहीर तुमच्या वॉर्डात असेल, तर तिची जागा, खोली आणि आजची अवस्था लिहून क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या आणि अर्जाची पोच घ्या. पंचवीस-तीस अर्ज एका वॉर्डातून गेले तर त्या विहिरींची यादी करणे कार्यालयाला भागच पडेल.